मोजणीच्या यंत्राची गेलेली स्मृती

शिक्षकाच्या पेशात एक गुण आहे आणि एक दोषही आहे. गुण असा की, जे वर्गात शिकवावयाचे ते आधी स्वतः शिकून घ्यावे लागते. दोष असा की, वयाची पन्नाशी उलटली म्हणजे आता शिकण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागते. हा दोष आमच्या ठिकाणी बराच वाढला होता. एका जुन्या मोजणीच्या यंत्राने आणि आपल्या समाजातील एका वृद्ध मोजणीदाराने तो कसा घालविला, ती हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. हकीकत यंत्राची असली तरी तिच्यातील बोध केवळ यंत्रे हाताळणाऱ्यांपुरता नाही.

बीरशेवा येथील ज्या शाळेत आम्ही गणित शिकवितो, तेथे बांधकाम व मोजणी या विषयांचा एक लहानसा वर्ग आहे. वर्गात विद्यार्थी अवघे अकरा. त्यांच्याजवळ एक 'टोटल स्टेशन' आहे. नाव अपरिचित वाटले तरी वस्तू सर्वांनी पाहिलेली असते. रस्त्याचे किंवा नव्या इमारतीचे काम चालू असता एक मनुष्य तिपाईवर ठेवलेल्या दुर्बिणीतून पाहत असतो आणि दूरवर दुसरा मनुष्य काठीवर चकाकणारा लोलक धरून उभा असतो. ती दुर्बीण म्हणजेच हे यंत्र होय. पूर्वी थिओडोलाइटने कोन मोजीत आणि साखळीने अंतर मोजीत. ही दोन्ही कामे या यंत्रात एकत्र आली. आतील काचेच्या वर्तुळावरील बारीक खुणांवरून कोन वाचला जातो, आणि लोलकावर आपटून परत येणाऱ्या अवरक्त किरणांवरून अंतर काढले जाते. या देशात घर घेताना 'ताबू'च्या कागदावर जो 'गुश' आणि 'हेल्का' यांचा आकडा आपण पाहतो, त्यामागे अशाच एखाद्या यंत्राने केलेली मोजणी असते. आपल्याकडील सात-बाऱ्यामागे जशी मोजणीदाराची साखळी, तसेच हे.

शाळेचे हे यंत्र १९९१ सालचे. एका कंत्राटदाराने नवे यंत्र घेतल्यावर जुने आम्हांस दान दिले. वर्षानुवर्षे त्याने मुकाट्याने काम केले. २०२२ सालच्या सप्टेंबरात, उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर आम्ही पेटी उघडली आणि कळ दाबली. पडदा उजळला, पण त्यावर नेहमीच्या कोनांऐवजी काळ्या चौकोनांची एक रांग दिसली. थोड्या वेळाने चौकोन जाऊन इंग्रजीत एकच ओळ उमटली. तिचा अर्थ असा की, यंत्रात आज्ञावली नाही, ती भरावी.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पडद्यावर बॅटरीचे चिन्ह लुकलुकत होते. आम्ही बाजूची मोठी बॅटरी काढून रात्रभर भारित केली, सकाळी परत बसविली आणि तरीही चिन्ह दिसताच कळ दाबून ते घालविले. यंत्राच्या पोटात दुसरा एक लहान सेल असतो आणि चिन्ह त्याचे होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पुढे जुलै-ऑगस्टचे दोन महिने यंत्र पत्र्याच्या छपराखालील कोठडीत पडून राहिले. नेगेवचा उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. तेव्हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा होता.

आम्ही विक्रेत्याकडे चौकशी केली. या जातीच्या यंत्राची दुरुस्ती कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाली आहे, नवे घ्यावे, असे उत्तर आले. मुख्याध्यापकांनी नव्या यंत्राची किंमत वाचली, चष्मा काढून ठेवला आणि पुढल्या वर्षी पाहू असे सांगितले. परंतु विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा पुढल्या वर्षी नव्हे, याच वसंतात होती. यंत्राविना मोजणी शिकणे म्हणजे पाण्याविना पोहणे शिकण्यासारखे आहे.

काकांचे निदान

आमच्या गल्लीत आपल्या समाजातील एक गृहस्थ राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना मोजणीदार काका म्हणतात. तरुणपणी अलिबाग तालुक्यात ३३ फुटांची साखळी ओढून त्यांनी शेतांची मोजणी केली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तो एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे कोष्टक ते आजही मराठीतच पुटपुटतात. १९६६ साली ते या देशात आले आणि निवृत्त होईपर्यंत नेगेवमधील रस्ते व नळवाहिन्या यांच्या आखणीवर 'मोदेद' म्हणून राबले. साखळी, थिओडोलाइट आणि टोटल स्टेशन या तीनही युगांत काम केलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

यंत्र त्यांच्या घरी नेले. त्यांनी ते पडद्याकडे न पाहता आधी हातांनी चाचपले. वर्तुळ फिरवून पाहिले, दुर्बिणीतून समोरच्या गच्चीवरील नळ पाहिला, पातळीचा बुडबुडा पाहिला.

"मास्तर, हे मेलेलं नाही," ते म्हणाले. "ह्याला विसर पडलाय. डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत. फक्त आपण कोण आणि काय करायचं, एवढंच विसरलंय."

"मग आठवण करून देता येईल का, काका?"

"त्याच्या स्वतःच्या डोक्यातून नाही येणार. दुसरीकडून आणावी लागेल."

या दोन वाक्यांत सर्व विषय आला. त्याचा अर्थ मात्र आम्हांस हळूहळू उलगडला.

दोन प्रकारची आठवण

अशा यंत्रात एक लहानसा संगणक असतो. काच वाचावी कशी, किरण पाठवावा केव्हा, त्यावरून अंतराचा आकडा काढावा कसा, हे सारे त्यास एका आज्ञावलीने सांगितलेले असते. या आत बसविलेल्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ती ठेवण्याच्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या असत.

पहिली जागा वीज नसतानाही आठवण राखते. 'ईप्रॉम' नावाची चिप या जातीची. ती १९७१ साली इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोमन यांनी शोधून काढली. पुढे हेच फ्रोमन या देशात परतले, १९७४ साली हैफा येथे त्या कंपनीचे केंद्र उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १९९१ साली त्यांना इस्रायल पारितोषिक मिळाले. त्यांच्या चिपमध्ये विजेचा अत्यल्प भार चारी बाजूंनी कोंडून ठेवलेला असतो. तो वर्षानुवर्षे तेथेच राहतो. चिपच्या माथ्यावर काचेची एक इवलीशी खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण सोडले म्हणजे लिहिलेले सारे पुसले जाते. म्हणूनच त्या खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावलेली असते. ती पट्टी कुतूहलाने कोणी काढू नये.

दुसरी जागा याहून चपळ, पण विसराळू. तेथे हवे ते क्षणात लिहिता आणि क्षणात बदलता येते. मात्र वीज तुटताच सारे नाहीसे होते. तिला जागे ठेवण्यासाठी शेजारी एक लिथियमचा सेल बसवितात. मोठी बॅटरी काढली, यंत्र पेटीत ठेवले, तरी हा लहान सेल अंधारात आपला पहारा चालूच ठेवतो.

हा पहारा किती काळ चालेल, याचे गणित आम्ही नंतर वर्गातही घातले. नाण्याएवढ्या एका सामान्य सेलात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास इतकी शक्ती असते. स्मृती राखण्यास केवळ २ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे धरू. तर २२० भागिले ०.००२ म्हणजे १,१०,००० तास. वर्षाचे ८,७६० तास. म्हणजे सुमारे साडेबारा वर्षे. उष्णतेने सेलही लवकर झिजतो आणि चिपला लागणारा प्रवाहही वाढतो, म्हणून प्रत्यक्षात काळ याहून कमी भरतो. आमच्या पेटीच्या तळाशी दुरुस्तीची एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर सेल बदलल्याचे साल होते २००९. हिशेब आपणच करावा.

आमच्या यंत्रात जागे होण्यापुरती चार अक्षरे पहिल्या प्रकारच्या चिपमध्ये होती. म्हणून पडदा उजळत होता आणि आज्ञावली मागत होता. खरी विद्या मात्र दुसऱ्या जागेत होती. ती सेलाबरोबर गेली. आता कोणी विचारील, कारखानदाराने एवढी मोलाची वस्तू अशा विसराळू जागी का ठेवावी? त्याचेही कारण आहे. आज्ञावलीत सुधारणा झाली तर चिप न उपटता केवळ तारेने नवी भरता यावी, ही सोय त्यास हवी होती. वीज नसताही राहणारी आणि तरीही सहज बदलता येणारी 'फ्लॅश' स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली होती, पण ती स्वस्त होऊन यंत्रायंत्रांत पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे गेली. मधल्या काळातील कित्येक यंत्रे सेलाच्या भरवशावर जगली.

त्या काळचे मोजणीदार हा धोका जाणून होते. १९७९ साली निघालेला एचपी-४१सी हा गणकयंत्राचा प्रकार मोजणीदारांच्या खिशात असे. त्याची स्मृती पुसली गेली की पडद्यावर 'स्मृती गेली' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द येत. म्हणून शहाणे लोक आपली आज्ञावली चुंबकीय पट्टीच्या लहान पत्त्यांवर उतरवून ठेवीत. काकांनी कपाटातून तसल्या पत्त्यांची एक चपटी डबी काढून दाखविली. "हे आमचे जुने पुण्य," ते म्हणाले.

पितळ आणि आठवण

काकांनी त्या संध्याकाळी आम्हांस दुसरी एक गोष्ट सांगितली. तिचा आपल्या मुलुखाशीही धागा आहे, म्हणून येथे देतो.

१८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रास येथून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. त्यांचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता आणि त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर तो चढवीत असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. वर्तुळ वाकडे झाले. नवे यंत्र विलायतेहून यावयास फार काळ गेला असता. लॅम्बटन यांनी कारागिरांसह स्वतःस कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून, पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून ते वर्तुळ जवळजवळ पूर्ववत ओढून आणले. त्याच यंत्राने पुढेही मोजणी चालली. हेच लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम करता करता वारले. त्यांची कबर तेथेच आहे.

"पण मास्तर," काका म्हणाले, "पितळेचं वर्तुळ वाकलं तरी ते मुळात गोल होतं, हे त्याच्याकडे पाहूनच कळतं. ह्या आठवणीचं तसं नाही. ती गेली की मागे वाकडी खूणसुद्धा राहत नाही."

हाच जुन्या व नव्या यंत्रांतील मोठा भेद होय. जुने यंत्र मोडले तर कुशल हात त्यास त्याच्याच अवशेषांतून उभे करू शके. नव्या यंत्राची आज्ञावली गेली तर जगातील सर्वांत कुशल हातही रिकामाच राहतो. तेथे केवळ दुसरी प्रत कामास येते. घरातले विरजण संपले म्हणजे कितीही उत्तम दूध असले तरी दही लागत नाही. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावे लागते. आणि शेजारणीनेही आपले संपवून टाकले असेल तर?

विरजणाचा शोध

तो शोध तीन आठवडे चालला. काकांच्या वहीत जुन्या सोबत्यांचे दूरध्वनी होते. त्यांपैकी काही क्रमांक बंद होते. काही घरी विधवा बोलल्या आणि काका त्यांच्याशी यंत्राविषयी काही न बोलता बराच वेळ बोलत राहिले. अखेर होलोन येथील एका निवृत्त तंत्रज्ञाचा पत्ता लागला. त्यांनी याच जातीची यंत्रे पूर्वी दुरुस्त केली होती. त्यांच्या पलंगाखाली साडेतीन इंची फ्लॉपी चकत्यांचा एक खोका होता आणि त्यांची सून तो पेसाहच्या साफसफाईत फेकून देण्याच्या विचारात होती.

आज्ञावली ही कारखानदाराची मिळकत असते. म्हणून आम्ही आधी विक्रेत्याकडून लेखी संमती मागितली. दान मिळालेल्या शालेय यंत्रात मूळचीच आज्ञावली परत घालण्यास हरकत नाही, असे उत्तर आले. हे पत्र आम्ही जपून ठेवले आहे. वाचकांनीही अशा कामी ही पायरी वगळू नये.

चकत्या दोन होत्या. पहिली वाचली गेली. दुसरी मध्येच अडली. तीस वर्षांत तिच्यावरील चुंबकीय थर क्षीण झाला होता. खोक्यात तिची आणखी एक प्रत निघाली आणि ती सुदैवाने धड होती. तंत्रज्ञांनी प्रथम दोन्ही चकत्यांची नक्कल करून घेतली आणि मगच पुढील कामास हात घातला. यंत्राचा जुना सेल काढून नवा डाख देऊन बसविला. आमच्या यंत्राची स्मृती आधीच गेली असल्यामुळे हे काम सोपे होते. परंतु स्मृती जिवंत असता सेल बदलावयाचा असेल तर क्रम निराळा. आधी आतील सर्व मजकुराची नक्कल करावी. नंतर यंत्रास बाहेरून वीज चालू ठेवून जुना सेल काढावा व नवा बसवावा. वीज बंद करून सेल काढला की काम आटोपलेच.

मग आज्ञावली भरणे. यंत्र व जुना संगणक यांस तारेने जोडले. सेकंदास ९६० अक्षरे या वेगाने मजकूर जावयाचा. सुमारे २,६२,००० अक्षरांस साडेचार मिनिटे पुरावीत. पहिल्या वेळी काहीच गेले नाही. दोन्ही टोकांची बोलण्याची रीत जुळत नव्हती, ती जुळविली. दुसऱ्या वेळी सर्व मजकूर गेला आणि तरीही यंत्राने तो नाकारला.

का नाकारला, हे ज्यांनी मराठी शाळेत गणित केले आहे त्यांस लगेच कळेल. मोठा गुणाकार केल्यावर गुरुजी नवाचा ताळा घ्यावयास लावीत. ताळा जुळला नाही तर कोठे तरी आकडा चुकला, हे निश्चित. यंत्रही तसेच करते. सर्व अक्षरांच्या आकड्यांचा एका ठरीव रीतीने हिशेब करून मजकुराच्या शेवटी लिहिलेल्या आकड्याशी तो ताडून पाहते. एक अक्षर जरी वाटेत बिघडले तरी ताळा चुकतो आणि यंत्र जागे होण्याचे नाकारते. तार सैल होती. ती घट्ट करून तिसऱ्यांदा मजकूर पाठविला. पडदा क्षणभर काळा झाला. नंतर कोन दिसू लागले. काकांनी काही न बोलता दुर्बीण फिरविली आणि आकडे बदलत आहेत हे पाहून खुर्चीत बसले.

एकोणतीस मिलिमीटर

कथा येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खरा धडा यापुढे आहे.

यंत्र शाळेत आले. विद्यार्थी आनंदले. आम्ही मुख्याध्यापकांस सांगून मोकळे झालो. आठवड्याभराने वर्गातील एक मुलगी वही घेऊन आली. तिने मैदानावरील दोन खुंट्यांमधील अंतर यंत्राने मोजले होते, आणि खात्री म्हणून पोलादी फितीनेही मोजले होते. दोन्ही आकड्यांत सुमारे ३ सेंटिमीटरांचा फरक होता. फीत नीट ताणली नसेल, असे आम्ही म्हणालो. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले आणि तोच फरक आणला. आम्ही पुन्हा फितीसच दोष दिला. यंत्राने इतक्या खटपटीनंतर तोंड उघडले होते, त्यावर अविश्वास दाखविणे आमच्या जिवावर आले होते. शिक्षकाने असे करू नये. मुलीचे म्हणणे खरे होते.

काकांस सांगताच ते म्हणाले, "आज्ञावली सगळ्या यंत्रांची एक असते, मास्तर. पण प्रत्येक यंत्राची स्वतःची खोड वेगळी. ती खोड कुठे लिहिली होती? त्याच आठवणीत. ती पण गेली."

गोष्ट अशी की, कारखान्यातून निघताना आणि नंतर प्रत्येक तपासणीच्या वेळी यंत्राच्या उणिवा मोजून त्याच्याच स्मृतीत नोंदविलेल्या असतात. अंतरात किती मिलिमीटर मिळवावेत वा वजा करावेत, लोलकाची स्थिर संख्या काय, उभ्या कोनात किती सेकंदांची चूक आहे, हे आकडे त्या एकाच यंत्राचे असतात. आज्ञावली परत भरली तेव्हा या सर्व जागी शून्य बसले. आणि शून्य ही मोठी फसवी संख्या आहे. काळा पडदा निदान आपण अडलो आहोत असे सांगतो. चुकीचा शून्य असलेले यंत्र मात्र मोठ्या ऐटीत खोटा आकडा दाखवीत राहते.

होलोनच्या तंत्रज्ञांपाशी त्याच जातीचे एक चालू यंत्र होते. त्यातील आकडे उतरवून घ्यावेत, असे आम्ही सुचविले. काका हसले. "विरजण शेजारणीकडून आणता येतं. चष्मा आणता येत नाही."

मग त्यांनी अकराही विद्यार्थ्यांस मैदानावर नेले आणि एका सरळ रेषेत तीन खुंट्या ठोकावयास लावल्या. यास कोणतेही दुसरे यंत्र लागत नाही, म्हणून रीत येथे देतो. पहिली ते दुसरी खुंटी यंत्राने ४१.२८६ मीटर आली. दुसरी ते तिसरी ५७.६४३. दोहोंची बेरीज ९८.९२९. आता पहिली ते तिसरी एकदम मोजली, तर आली ९८.९००. वास्तविक दोन्ही आकडे सारखे यावयास हवे होते. परंतु यंत्र प्रत्येक मोजणीत ठरावीक लांबी अधिक सांगत असेल, तर दोन तुकड्यांत ती चूक दोनदा येते आणि एकदम मोजण्यात एकदाच येते. म्हणून वजाबाकी हीच ती चूक. २९ मिलिमीटर. विद्यार्थ्यांनी ही मोजणी दहा वेळा केली, सरासरी काढली आणि यंत्रास वजा २९ हा आकडा दिला. मग त्या मुलीने फीत आणली. यंत्र व फीत यांचे जमले. ती काही बोलली नाही. आम्ही मात्र सर्व वर्गासमक्ष तिची क्षमा मागितली.

उभ्या कोनाचेही असेच. एकच खूण दुर्बीण सुलट ठेवून पाहिली तेव्हा कोन आला ८८ अंश १४ मिनिटे २० सेकंद. दुर्बीण उलटवून, यंत्र फिरवून पाहिली तेव्हा २७१ अंश ४६ मिनिटे २० सेकंद. दोहोंची बेरीज ३६० अंश यावी, ती ४० सेकंदांनी अधिक आली. तिचे निम्मे, म्हणजे २० सेकंद, ही यंत्राची चूक. वीस सेकंद क्षुल्लक वाटतात, परंतु १०० मीटरांवर तेवढ्याने सुमारे १ सेंटिमीटर उंची चुकते. सांडपाण्याचा नळ एवढ्याने उलट्या दिशेस वाहू शकतो, असे काकांनी सांगितले. नळांविषयी त्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानतो.

पेटीच्या झाकणातील कागद

२०२३ सालच्या वसंतात विद्यार्थ्यांची परीक्षा त्याच यंत्रावर झाली. आता त्याच्या पेटीच्या झाकणात आतून एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर सर्व आकडे, ते काढल्याची तारीख आणि पुढील सेल २०३० सालापूर्वी बदलावा अशी सूचना हिब्रूत लिहिली आहे. आज्ञावलीच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. दरवर्षी नवा वर्ग आला की तीन खुंट्यांचा प्रयोग स्वतः करतो आणि आपला आकडा कागदावरील आकड्याशी ताडून पाहतो.

यानंतर काकांनी आम्हांस आपल्या कामाच्या वह्या दाखविल्या. चाळीस वर्षांतील युक्त्या, चुका आणि त्यांचे उपाय त्यांत टिपलेले आहेत, आणि ते सर्व मराठीत. त्यांच्या नातवंडांस ती अक्षरे वाचता येत नाहीत. काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "ह्याचा सेल मीच." आम्ही त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी तासभर त्यांच्याकडे बसतो. ते वाचतात, आम्ही हिब्रूत उतरवितो. अडीच वह्या झाल्या आहेत, चार उरल्या आहेत.

आपल्या समाजातील कितीतरी बांधव कारखान्यांत, कार्यशाळांत, प्रयोगशाळांत काम करतात. संगणकाने चालणाऱ्या जुन्या लेथ यंत्रांतही सर्व स्थिर आकडे अशाच सेलाच्या आधारे टिकून असतात. आपल्या हाताखालील यंत्र दहा वर्षांहून जुने असेल तर त्यातील लहान सेल केव्हा बदलला हे शोधावे. बॅटरीचे चिन्ह दिसल्यास कळ दाबून ते घालवू नये. आतील आज्ञावली व आकडे यांची नक्कल करून घ्यावी, आकडे कागदावरही लिहावेत, आणि मगच, यंत्रास वीज चालू ठेवून, सेल बदलावा. एखाद्याच्या पलंगाखाली जुन्या चकत्यांचा खोका असेल तर तो टाकून देण्यापूर्वी दोन जाणत्या माणसांस विचारावे.

पुढील उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी एवढे करावे, ही विनंती. आमच्या हातून झालेली चूक वाचकांच्या हातून न होवो.